शस्त्र : हक्क की कर्तव्य ?

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. आणि पुढे तीनच वर्षांनी, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा केला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा हिंदी माणसाचा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. (देशी वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदाही त्याच सालचा. जीभ आणि तलवार यांची भीती राज्यकर्त्यांस बहुधा एकदमच वाटते.) १८८७ च्या मद्रास काँग्रेसपासून ही तक्रार चालू राहिली, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसने तर मूलभूत हक्कांच्या ठरावातच, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा, असे लिहून ठेवले.

पण हक्काच्या या मागणीपाठीमागे आणखी एक अपमान होता, तो आम्ही सहसा विसरतो. १९१७ साली महायुद्धाच्या धुमाळीत इंडियन डिफेन्स फोर्सचा कायदा झाला. त्याने येथील वयात बसणाऱ्या युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांवर लष्करी सेवेची सक्ती केली. हिंदी लोकांना इच्छा असल्यास नाव नोंदविण्याची मुभा दिली. ज्यांना शस्त्राची सूट, त्यांच्यावरच शस्त्र उचलण्याचे कर्तव्य ! घर राखण्याची जबाबदारी मालकाची, भाडेकरूने फार तर हाकेला धावून यावे, असा तो हिशेब होता. लोकमान्यांनी तो पुरता ओळखला होता. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी युद्धसाहाय्याचा प्रश्न स्वराज्याशी जोडताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडविले, आणि टिळक सभा सोडून निघाले. लढण्यास त्यांचा विरोध नव्हता. परक्याच्या घराची राखण त्यांना नको होती.

स्वराज्य आल्यावर हा प्रश्न पुन्हा निघणे क्रमप्राप्तच होते. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. आय. सी. एस. ची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेले हे गृहस्थ. त्यांच्या तोंडी ही मागणी शोभतही होती. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले ते रोखठोक. परकीय सरकारने निःशस्त्र केलेल्या प्रजेने हा हक्क मागणे रास्त होते, पण ते कारणच आता उरलेले नाही. आणि चोर-दरोडेखोरांनाही हा हक्क द्यावयाचा काय, असा त्यांचा सवाल होता. मग ते म्हणाले की, आपण आग्रह धरावयाचा तो शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा. राज्याचे अस्तित्व धोक्यात आले तर प्रत्येक नागरिकास रक्षणासाठी बोलाविण्याचा अधिकार राज्यास हवा, आणि त्याची तजवीज मसुद्याच्या सतराव्या कलमात केलेली आहे. दुरुस्ती फेटाळली गेली.

वकिली कोटिक्रम म्हणून हे उत्तर सोडून देण्याची चूक आम्ही करू नये. बोलणारा मनुष्य महूच्या छावणीत जन्मला होता. सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा होता. मुंबई लष्करात पिढ्यान्पिढ्या लढलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद झाली, कारण ‘लढाऊ जातीं’च्या नव्या शास्त्रात त्यांचे नाव बसत नव्हते. १९१७ साली गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभारली. १९२१ साली मोडली. १९४१ साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, ती आंबेडकरांच्या खटपटीनंतर. कर्तव्य नाकारले जाणे हाही बहिष्काराचाच एक प्रकार आहे, हे या माणसास कोणी शिकवावे लागले नाही.

म्हणूनच सतराव्या, म्हणजे आजच्या तेविसाव्या, कलमाचा उत्तरार्ध आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्य सक्तीची सेवा लादू शकेल. पण ती लादताना केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करता येणार नाही. शिवाय त्यात शब्द ‘सेवा’ आहे, ‘शस्त्र’ नाही. ज्याची सदसद्विवेकबुद्धी हत्येस राजी नाही त्याच्यासाठीही तेथे जागा होऊ शकते. बोअर युद्धात गांधींनी हिंदी लोकांचे पथक काढले ते जखमींची डोली वाहण्यासाठीच. या भेदावर घटना समितीने अधिक घोळून विचार करावयास हवा होता, असे आमचे मत आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा स्वतंत्र भारताने आजवर केलेला नाही. चीनच्या आक्रमणानंतर, १९६३ साली, कॉलेजांत एन. सी. सी. सक्तीची झाली, १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक झाली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हाक येताच देशाचे रक्षण करणे हे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिले गेले, पण त्यास शिक्षेची धार नाही.

तेविसाव्या कलमातील भेदांच्या यादीत एक भेद मात्र घातलेला नाही: स्त्री आणि पुरुष हा. खडकवासल्याच्या प्रबोधिनीची दारे मुलींना उघडली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर. आणि मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा जणी मुलांच्या बरोबरीने संचलन करीत तेथून बाहेर पडल्या.