तेलुगु लिपींतील संस्कृत पोथ्या

'तेलुगु पोथी' अशी चिठ्ठी लावून बाजूस ठेविलेलें ताडपत्राचें बाड पुष्कळदां संस्कृत ग्रंथाचें असतें. लिपि म्हणजे भाषा नव्हे, हें संग्राहकांस ठाऊक असतें. पण चिठ्ठी लिहितांना नेमका त्याचाच विसर पडतो, आणि ग्रंथ असून नसल्यासारखा होतो.

आंध्र देशांत संस्कृत ग्रंथ देशी अक्षरांत उतरण्याचा प्रघात जुना आहे. हीं अक्षरें ब्राह्मीच्या दक्षिणी शाखेचीं. कडपा प्रांतांतील कलमळ्ळ येथील रेनाटि चोळांचा, इ. स. ५७५ च्या सुमाराचा लेख तेलुगु भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. तेव्हां व पुढें कैक शतकें तेलुगु आणि कानडी यांची लिपि एकच होती. अक्षरांच्या वाटोळेपणाचें कारण ताडपत्रांत सांगतात: लोखंडी लेखणीनें शिरेच्या दिशेनें लांब रेघ ओढली तर पान चिरतें. म्हणून येथें नागरीची शिरोरेघ नाहीं. बहुतेक अक्षरांच्या माथ्यावर 'तलकट्टु' नांवाची लहानशी खूण असते.

नागरी वाचणाऱ्याची खरी अडचण पुढेंच आहे. अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर नसून त्याच्या पुढें, पूर्ण वर्तुळाच्या रूपानें येतो. त्याचें नांवहि 'सुन्न', म्हणजे शून्यच. जुन्या पोथ्यांत रेफाची खूणहि मागाहून येते, म्हणजे 'धर्म' या शब्दांत ती 'म' च्या पुढें असते. शिवाय प, ष आणि व हीं अक्षरें सख्ख्या भावंडांसारखीं दिसतात. याचा उपयोग पाठनिर्णयास होतो. एखाद्या नागरी प्रतींत 'प' व 'ष' यांची अदलाबदल आढळली तर त्यावरून कांहींच ठरत नाहीं, कारण नागरींतहि तीं एकमेकांजवळचीं आहेत. परंतु 'प' व 'व' यांची अदलाबदल वारंवार दिसूं लागली, तर मूळ प्रत आंध्राक्षरी (अथवा कानडी) असावी असा संशय घेण्यास आम्हांस जागा दिसते.

तंजावरचा सरस्वतीमहाल आम्हां मराठ्यांस याचें जवळचें उदाहरण आहे. तेथील संस्कृत पोथ्यांची सूचि बर्नेलनें इ. स. १८८० त छापली. त्या पोथ्या नागरी, ग्रंथ, तेलुगु अशा निरनिराळ्या अक्षरांत आहेत. त्याच दरबारीं शहाजी राजांनीं (राज्यकाल १६८४–१७१२) तेलुगु भाषेंत यक्षगानें रचिलीं. तेव्हां अक्षर तेलुगु असलें तरी आंतील भाषा कोणती, हें पान उघडूनच ठरवावें लागतें. सूचींत भाषा व लिपि यांचे रकाने निराळे असावेत हा आमचा आग्रह त्याचसाठीं.

ही गोष्ट ताडपत्रांपुरतीच नाहीं. मद्रासच्या वाविळ्ळ छापखान्यानें (स्थापना १८५४) कितीएक संस्कृत ग्रंथ तेलुगु खिळ्यांत छापले. जुन्या ग्रंथसंग्रहांत तेहि 'तेलुगु पुस्तकें' या ढिगांतच पाहावेत.