देवघरातली जुनी तसबीर कशी छापली? फोनच्या कॅमेऱ्याने ओळखा

दिवाळीत आजीकडे पिंगळीला गेलो होतो. परभणीहून पूर्णेकडे जाताना लागतं ते पिंगळी. घर रंगवायला काढलेलं, भिंतीवरची लक्ष्मीची जुनी तसबीर खाली उतरवलेली. मामा म्हणाले, "भंगारवाला दोनशे देतोय, देऊन टाकू." आजी काहीच बोलली नाही, नुसती पदराने काच पुसत बसली. मी म्हटलं, "मामा, दहा मिनिटं थांबा." आणि खिशातून फोन काढला.

छापील चित्र कसं तयार झालं हे त्याच्या कणाकणात दिसतं. फक्त झूम करता आलं पाहिजे.

एक जुनी पद्धत म्हणजे तांब्यावरचं कोरीव काम, एनग्रेव्हिंग. टोकदार हत्याराने पत्र्यावर रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून जोरात दाबायचं. कागद रेघेतली शाई ओढून घेतो. सगळं उलटं कोरावं लागतं, आरशातल्यासारखं. जर्मनीच्या आल्ब्रेख्त ड्यूररने १५१४ मध्ये अभ्यासिकेत बसलेल्या संत जेरोमचं चित्र असंच केलं. त्यात करडा रंग नाहीच! जवळजवळ कोरलेल्या काळ्या रेघांमुळे डोळ्याला सावली भासते.

आपल्याकडेही तांबं कोरून धर्मग्रंथ छापला गेलाय. नाना फडणवीसांनी गीता छापण्यासाठी पुण्यात पत्रे कोरायला लावले. १८०० मध्ये नाना गेले, काम अर्धवट राहिलं आणि शेवटी १८०५ मध्ये मिरजेत, पटवर्धनांच्या आश्रयाने ती गीता छापून झाली.

रंगीत देव मात्र दगडावरून आले. शिळाछाप म्हणजे लिथोग्राफीत काहीच कोरत नाहीत. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढतात. दगड ओला केला की कोऱ्या भागाला शाई चिकटत नाही, तेलकट भागाला चिकटते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड! राजा रवी वर्मा यांनी १८९४ मध्ये घाटकोपरला असा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या त्या इथूनच.

आता कामाचं. मॅक्रो मोड असेल तर चालू करा, नसेल तर थोडं लांबून दोन-तीन पट झूम करा. फ्लॅश बंद, फोन किंचित तिरका, म्हणजे काचेत तुमचंच तोंड दिसणार नाही. चेहरा किंवा हाताच्या कडेचा फोटो काढा. ठिपके नीट ओळीत, गोल फुलासारख्या नक्षीत असतील तर ते ऑफसेट, म्हणजे अलीकडचं. ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे, एकावर एक रंग चढलेले असतील तर दगडाचं काम. सगळ्या छटा नुसत्या रेघांनी केल्या असतील तर एनग्रेव्हिंगची शक्यता. आणि हो, काच उघडू नका. जुना कागद काचेला चिकटलेला असतो, ओढला की रंग निघून येतो.

आमच्या लक्ष्मीच्या गालावर ठिपके वेडेवाकडेच निघाले. खालची पट्टी मात्र कुण्या फ्रेमवाल्याने कापलेली, त्यामुळे छापखान्याचं नाव गेलं. मामांनी माझ्या हातातून फोन घेऊन स्वतः दोनदा झूम करून पाहिलं.

संध्याकाळी भंगारवाला आला. त्याला मामांनी जुना कूलर दिला.