लहान मुलांना हिवाळ्यात सर्दी-खोकला झाला तर घरी काय करायचं? कफ सिरप का नको आणि दवाखान्यात कधी न्यायचं?

रात्रीचे दोन वाजलेत. दीड वर्षाचं पोर खोकून खोकून उठलंय. नाक चोंदलंय म्हणून त्याला दूध पिता येत नाही, दूध मिळत नाही म्हणून ते रडतंय आणि रडल्यामुळे नाक आणखीच चोंदतंय. शेजारी झोपलेली चार वर्षांची ताईपण जागी झालीये. आई कपाळाला हात लावून ताप बघतीये, बाबा मोबाईलवर घरगुती उपाय शोधतोय आणि आजी ओव्याची पुरचुंडी गरम करायला स्वयंपाकघरात गेलीये. फ्रिजच्या दारात मागच्या वर्षीची कफ सिरपची अर्धी बाटली अजून तशीच उभी आहे.

लहान मूल असलेल्या बहुतेक घरांत हिवाळ्यात अशी एखादी रात्र येतेच. अशा वेळी त्या बाटलीकडे हात जाणं साहजिक आहे. पण तो हात थांबवायला हवा. का थांबवायचा आणि मग नेमकं करायचं काय, हे एकेक करून समजून घेऊ.

हिवाळ्यातच मुलं एवढी आजारी का पडतात?

सर्दी थंडीमुळे होत नाही, विषाणूंमुळे होते. सर्दी करणारे विषाणू दोनशेपेक्षा जास्त आहेत. थंड आणि कोरड्या हवेत त्यातले बरेच विषाणू जास्त वेळ टिकतात. त्याच हवेने नाकाच्या आतलं अस्तरही कोरडं पडतं. त्यात थंडीमुळे आपण दारं-खिडक्या बंद करून बसतो. अंगणवाडीत, प्लेस्कूलमध्ये, पाळणाघरात एका मुलाचा खोकला बंद खोलीत दहा जणांपर्यंत पोचतो. घरात मोठं भावंडं असेल तर ते शाळेतून सर्दी घेऊन येतं आणि धाकट्याला देतं.

पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे नॉर्मल धरलं जातं. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांना त्याहून जास्त वेळा होऊ शकते. म्हणजे 'याची प्रतिकारशक्तीच कमी आहे' असं प्रत्येक वेळी नसतं. शरीर एकेका विषाणूची ओळख करून घेत असतं.

किती दिवसांत बरं वाटतं?

साध्या सर्दीत ताप बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत उतरतो. नाक वाहणं आठ-दहा दिवस चालतं. खोकला मात्र रेंगाळतो. दहापैकी नऊ मुलांचा खोकला पूर्ण जायला तीन ते साडेतीन आठवडे लागू शकतात. त्यामुळे चौथ्या दिवशी खोकला थांबला नाही याचा अर्थ औषध चुकलं असा होत नाही.

शेंबूड पिवळा-हिरवा झाला की अँटिबायोटिक लागतं, हाही गैरसमज आहे. विषाणूंच्या साध्या सर्दीतही शेंबडाचा रंग बदलतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काहीच उपयोग होत नाही.

कफ सिरपला 'नको' का म्हणतात?

याची दोन कारणं आहेत. पहिलं कारण सगळ्यांनी बातम्यांमध्ये बघितलं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-खोकल्यासाठी सिरप घेतलेल्या मुलांच्या किडन्या निकामी होऊ लागल्या. वीसपेक्षा जास्त मुलं दगावली. त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची होती. अनेकांना उपचारांसाठी जवळच्या नागपूरला आणण्यात आलं होतं. 'कोल्ड्रिफ' नावाच्या त्या सिरपची तमिळनाडूत तपासणी झाली तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. या रसायनाची मर्यादा आहे ०.१ टक्के.

हे रसायन सिरपमध्ये येतं कुठून? सिरप पातळ आणि गोड ठेवण्यासाठी ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात. त्यांच्या जागी कारखान्यांत वापरला जाणारा अशुद्ध, स्वस्त माल आला आणि तपासणी झाली नाही, तर विष थेट बाटलीत उतरतं. महाराष्ट्राने हे आधीही भोगलंय. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमधून हेच रसायन रुग्णांच्या पोटात गेलं आणि १४ जणांचा जीव गेला. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली होती.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, पण त्याची बातमी होत नाही. सिरप शंभर टक्के शुद्ध असलं तरी लहान मुलांची सर्दी त्याने लवकर बरी होत नाही. उलट गुंगी येणं, चिडचिड, हृदयाचे ठोके वाढणं असे त्रास होऊ शकतात. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. त्याआधी २०२३ च्या डिसेंबरमध्ये औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन हे मिश्रण असलेल्या औषधांवर 'चार वर्षांखालच्या मुलांसाठी नाही' अशी सूचना छापायला सांगितली होती.

थोडक्यात, मेडिकलवाल्याला नुसतं 'खोकल्याचं काहीतरी द्या' सांगून बाटली आणायची नाही. मागच्या वर्षीची उरलेली बाटली, मोठ्या भावंडाची बाटली, शेजाऱ्यांना लागू पडलेलं औषध, यातलं काहीच नको.

मग आजीच्या बटव्यातलं काय चालेल?

सगळंच टाकाऊ नाही आणि सगळंच निर्धोक नाही.

मध: एक वर्षावरच्या मुलाला झोपण्याआधी अर्धा चमचा मध दिला तर रात्रीचा खोकला थोडा कमी होतो. हे अभ्यासांतही दिसलंय. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, चाटवायलाही नको. मधात असणाऱ्या काही जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. 'आपल्याकडे जन्मल्यावर मध चाटवतातच' हे खरं आहे, पण ते टाळलेलं बरं.

गरम पेज, वरणाचं पाणी, सूप: बिनधास्त द्या. पातळ पदार्थांनी घशाला आराम पडतो आणि शरीरातलं पाणी कमी होत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका. एका वेळी कमी पितंय तर थोडं थोडं, जास्त वेळा पाजा.

केळी आणि दहीभात: याने कफ होतो म्हणून घरोघरी बंदी असते, पण त्यामुळे सर्दी वाढते असा पुरावा नाही. आजारी मूल एरवी काहीच खात नसेल आणि केळं मागत असेल तर द्या.

कापूर: ओव्याच्या पुरचुंडीत कापूर घालू नका. छातीला चोळायच्या बामांमध्येही कापूर असतो आणि दोन वर्षांखालच्या मुलांना ते लावायचं नसतं. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

नाकात तेल: सोडू नका. तेल श्वासातून फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. त्याऐवजी मेडिकलमध्ये मिळणारे मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे नेझल ड्रॉप्स दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी घाला.

वाफ आणि धुरी: गरम पाण्याचं पातेलं अंगावर सांडून मुलं भाजतात. धुरीचा धूर आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला आणखी त्रास देतो. दोन्ही नको. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच नको. तिच्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जाऊ शकतो.

स्वेटर आणि कानटोपी: थंडी आहे म्हणून घाला, पण तापलेल्या मुलाला तीन थरांत गुंडाळू नका. त्याने ताप आणखी वाढतो.

तापाचं औषध देताना चूक कुठे होते?

तापासाठी पॅरासिटामॉल देतात. ते वयावर नाही, वजनावर ठरतं. एका वेळी साधारण प्रत्येक किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. दोन डोसमध्ये चार ते सहा तासांचं अंतर आणि २४ तासांत जास्तीत जास्त चार डोस. आपल्या मुलाचा नेमका डोस डॉक्टरांकडून एकदा लिहूनच घ्या.

खरी गडबड बाटलीत असते. हेच औषध वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. १५० मिलिग्रॅमसाठी:

– ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमवाल्या सिरपचे ६ मिलिलिटर
– ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमवाल्या सिरपचे ३ मिलिलिटर
– १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमवाल्या ड्रॉप्सचे दीड मिलिलिटर

जुनी बाटली संपली, नवी जास्त ताकदीची आली आणि सवयीने पुन्हा ६ मिलिलिटर दिलं, की डोस सरळ दुप्पट. त्यामुळे बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा. घरातला चमचा वापरू नका, सोबतचं मापच वापरा.

दुसरी चूक एकत्र राहणाऱ्या घरांत हमखास होते. आईने ऑफिसला निघताना औषध दिलं, तासाभराने अंग गरम लागलं म्हणून आजीनेही दिलं. दोघींनी काळजीपोटीच दिलं, पण डोस दोन झाले. उपाय सोपा आहे. फ्रिजवर एक कागद चिकटवा किंवा फॅमिली ग्रुपवर टाका: किती वाजता, कोणतं औषध, किती, कोणी दिलं.

मूल तापातही खेळत असेल, पाणी पीत असेल, तर थर्मामीटरचा आकडा खाली आणण्यासाठी धडपड करायची गरज नाही. बर्फाच्या किंवा गार पाण्याच्या पट्ट्या नकोत. मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीच देऊ नका.

श्वास मोजायचा कसा?

आई-बाबांना येत असायलाच हवी अशी गोष्ट म्हणजे ही. मूल शांत किंवा झोपलेलं असताना कपडे वर करा, मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि छाती-पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण मिनिटभर मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे खालचे आकडे म्हणजे जलद श्वास:

– दोन महिन्यांखाली: ६० किंवा जास्त
– दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त
– एक ते पाच वर्षं: ४० किंवा जास्त

खोकल्यासोबत श्वास जलद असेल तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. दोन वर्षांखालच्या मुलांत आरएसव्हीसारख्या विषाणूंमुळे फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात. हा त्रास बहुतेकदा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. म्हणून 'काल तर बरं होतं' म्हणून निवांत राहू नका, या दिवसांत जास्त लक्ष ठेवा.

खेड्यापाड्यांत हे काम आशाताईही करतात. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये 'सांस' ही मोहीम सुरू केली आहे.

दवाखान्यात लगेच कधी न्यायचं?

– तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप
– श्वास जलद, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं, नाकपुड्या फुलणं, श्वास घेताना कण्हणं
– ओठ किंवा जीभ निळसर
– दूध-पाणी घेत नाही किंवा घेतलेलं सगळं उलटतंय
– सहा-आठ तास लघवी नाही
– झटके, किंवा उठवूनही नीट जागं होत नाही
– ताप तीन दिवसांनंतरही आहे, किंवा उतरून परत आलाय

श्वासाचा त्रास, निळे ओठ, झटके किंवा शुद्ध हरपणं यांपैकी काही असेल तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

आधीच काय करता येईल?

न्यूमोकोकल न्यूमोनियाची पीसीव्ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना देतात. फ्लूची लस सहा महिन्यांवरच्या मुलांना दरवर्षी घेता येते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा. बाहेरून आल्यावर हात धुणं, घरात कोणीही विडी-सिगारेट न ओढणं आणि दिवसा खिडकी उघडी ठेवणं, यानेही फरक पडतो.

सुट्ट्यांचं आधीच ठरवून घ्या. मूल आजारी पडलं की आईनेच रजा टाकायची असा बहुतेक घरांतला न बोललेला नियम असतो. एक दिवस आई, एक दिवस बाबा, रात्रीची जागरणं आलटून-पालटून असं वाटून घेतलं तर लक्ष ठेवणारं माणूस थकलेलं राहत नाही. साध्या सर्दीत मुलाला औषधापेक्षा याचीच जास्त गरज असते, कोणीतरी नीट बघणारं.

फ्रिजच्या दारातली ती जुनी बाटली आजच काढून टाका. श्वासाचे आकडे आणि दवाखान्याची यादी सेव्ह करून फॅमिली ग्रुपवर टाका. आजी-आजोबांना आणि पाळणाघरातल्या ताईंनाही नक्की पाठवा, कारण दिवसा मूल त्यांच्याकडेच असतं.