सेलोटेप नको, खळ हवी: वाचनालयातल्या जुन्या मराठी पुस्तकांची प्राथमिक दुरुस्ती

पान सुटलं की सेलोटेप, पुठ्ठा निघाला की पांढरा गोंद आणि अगदीच खिळखिळं झालं की बाइंडरकडे रवानगी. बहुतेक छोट्या वाचनालयांत पुस्तकांची दुरुस्ती अशीच चालते. हेतू चांगला असतो, पण जुन्या पुस्तकांचं बरंचसं नुकसान वाळवीइतकंच या घाईच्या दुरुस्तीनेही झालेलं असतं.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचनालयांसाठी हा प्रश्न जास्त गंभीर आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय १९१० मध्ये उभं केलं आणि श्री सयाजी साहित्यमालेतून मराठी-गुजराती पुस्तकं छापून घेतली. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद इथेही मराठी संग्रह पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले. या गावांतल्या छापखान्यांत निघालेली कितीतरी पुस्तकं पुन्हा छापली गेली नाहीत. पुण्या-मुंबईत एक प्रत फाटली तर दुसरी कुठेतरी मिळण्याची आशा असते. इथे मात्र 'जीर्ण' म्हणून रद्दीत गेलेली प्रत शेवटचीच असू शकते.

प्राथमिक दुरुस्ती शिकायला अवघड नाही. सामान स्वस्त आहे आणि हात बसायला काही आठवडे पुरतात. कशाला हात लावायचा नाही, हे मात्र आधी शिकावं लागतं.

कागद का तुटतो?

पेशवाईतले मोडी कागद आजही लवचिक आहेत आणि १९४० च्या कादंबरीची पानं मात्र पापडासारखी मोडतात. जुना हातकागद चिंध्या आणि तागाच्या लांब धाग्यांचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. शाई पसरू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ घालत. त्यातून कागदात आम्ल तयार होतं आणि ते धागे आतून कापत जातं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदटंचाईमुळे हलका कागद वापरला गेला, त्यामुळे त्या वर्षांची पुस्तकं विशेष नाजूक आहेत.

म्हणून पहिली तपासणी कागदाची. एखाद्या कोऱ्या पानाचा कोपरा हलकेच पुढे दुमडायचा, मग मागे. एकदोन वेळातच तो तुटला तर ते पुस्तक शिवायचं नाही, चिकटवायचंही नाही. धुतलेल्या मांजरपाटात किंवा आम्लरहित कागदात गुंडाळून, सुती नाडीने बांधून आडवं ठेवायचं. जुन्या दप्तरखान्यांतली रुमालात कागद बांधायची पद्धत इथे उपयोगी पडते. शक्य असेल तर अशा पुस्तकाचं स्कॅनिंग सर्वांत आधी करून घ्यावं.

काय वापरू नये?

सेलोटेप: याचा चिकटा काही वर्षांत कागदात मुरतो आणि तपकिरी होतो. वरची पट्टी गळून पडते, डाग राहतो. तो काढायला रसायनं लागतात, ते घरचं काम नाही.

सुतारकामाचा पांढरा गोंद: वाळल्यावर कडक होतो आणि नंतर सुटत नाही. त्याच्या कडेला पान पुन्हा तुटतं.

स्टेपलरच्या पिना: गोवा, कोकणपट्टी, बेळगावसारख्या दमट हवेत लवकर गंजतात. गंज पानाला भोक पाडतो.

मोरचूद घातलेली खळ: कीड लागू नये म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद टाकत. कीड थांबते, पण त्यातलं तांबं कागदाच्या ऱ्हासाला हातभार लावतं.

लॅमिनेशन: एकदा केलं की पान प्लास्टिकमधून सुखरूप परत निघत नाही.

या सगळ्यामागे नियम एकच. आज केलेली दुरुस्ती उद्या कुणाला तरी उलगडता आली पाहिजे. नोव्हेंबर १९६६ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीला पूर आला आणि तिथल्या ग्रंथालयांतली असंख्य पुस्तकं चिखलात गेली. ती वाचवायला देशोदेशीचे कारागीर जमले, त्या कामातून हा विचार जगभर रुजला.

खळ: कुरडईचा चीक इथेही चालतो

पाण्याने पुन्हा सुटणारा आणि कागदाला न दुखवणारा चिकटा म्हणजे गव्हाच्या स्टार्चची खळ. मैद्याची चिक्की आणि ही खळ वेगळी. मैद्यात ग्लुटेन असतं, ते पिवळं पडतं आणि कसरीला आवडतं. मराठी घरांत कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक खाली बसवतात, तो मुख्यतः स्टार्चच असतो. वरचं पाणी दोन-तीनदा बदलून तो स्वच्छ करायचा. अर्थात मीठ, हिंग, पापडखार काही नाही. बाजारात तयार गव्हाचा स्टार्चही मिळतो.

एक भाग कोरड्या स्टार्चला चार ते पाच भाग पाणी घालून थोडा वेळ भिजवावं. मंद आचेवर सतत ढवळत वीस ते तीस मिनिटं शिजवावं. पांढरा रंग जाऊन अर्धपारदर्शक झालं की उतरवायचं. गार झाल्यावर कापडातून गाळून, पाणी घालत सायीइतकं पातळ करायचं. ही खळ तीन-चार दिवसच टिकते, म्हणून थोडीच करावी. आंबूस वास आला की टाकून द्यायची.

फाटलेलं पान

यासाठी जपानी टिश्यू नावाचा पातळ, लांब धाग्यांचा कागद लागतो. तो न मिळाल्यास नेपाळी लोकता जातीचा पातळ हातकागद चालतो. पट्टी कात्रीने कापायची नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडायची, म्हणजे कडेला धागे सुटे राहतात आणि ते पानात मिसळून जातात.

१. मऊ ब्रशने धूळ पाठीकडून बाहेरच्या बाजूला झाडावी.
२. फाटलेल्या दोन्ही कडा जशा होत्या तशा जुळवाव्यात. फाटताना वरखाली झालेल्या कडा एकमेकींवर नीट बसल्या पाहिजेत, नाहीतर ओळी तिरक्या होतात.
३. टिश्यूच्या पट्टीला खळीचा अगदी पातळ हात द्यावा आणि ती चिमट्याने फाट्यावर ठेवावी.
४. दोन्ही बाजूंना न चिकटणारा कागद, त्यावर टिपकागद, वर काच आणि वजन.
५. दहा-पंधरा मिनिटांनी टिपकागद बदलावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवावं.

खळ जास्त झाली तर पान सुरकुततं. नवशिक्यांची हीच चूक सर्वांत जास्त होते.

सुटलं पान, हललेला पुठ्ठा

एकदोनच पानं सुटली असतील तर पानाच्या आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटर रुंदीची खळीची रेघ द्यावी. बाकी पानावर रद्दीचा कागद झाकून ब्रश फिरवला की रेघ सरळ येते. पान पाठीपर्यंत नीट सरकवून पुस्तक मिटायचं आणि वजन ठेवायचं. एकाच ठिकाणची चार-पाच पानं किंवा अख्खा फर्मा सुटला असेल तर चिकटवून भागत नाही, तिथे शिलाईच हवी.

पुठ्ठा डुगडुगतोय, पण आतला कोरा कागद फाटलेला नाही, अशी पुस्तकं वाचनालयात ढिगाने असतात. त्यावर सोपा उपाय आहे. पुस्तक उभं धरून, पुठ्ठा आणि पानं यांच्यामधल्या फटीत स्वेटर विणायची सुई घालायची. सुईला पुस्तकबांधणीचा आम्लरहित पीव्हीए गोंद लावलेला असावा, इथे खळीपेक्षा लवचिक गोंद बरा. सुई आत फिरवून गोंद सगळीकडे पोचवायचा, मग पुठ्ठ्याच्या सांध्यात बाहेरून सुई दाबून घडी बसवायची. आतल्या बाजूला बटर पेपर ठेवून रात्रभर वजन.

नवीन कागद किंवा पुठ्ठा लावताना त्याच्या धाग्यांची दिशा पाहावी. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवला की एका दिशेने तो सहज वाकतो. ती दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर असावी, नाहीतर पुठ्ठा पावसाळ्यात तिरका होतो.

बाइंडरला काय सांगायचं?

बाइंडरकडे देताना तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून द्यावं. कडा कापायच्या नाहीत. आधीच अरुंद समास असलेल्या पुस्तकाची मशीनवर कटिंग झाली की अक्षरं जातात. शक्य तिथे फर्म्याच्या घडीतून शिवायचं. समासातून बाजूने भोकं पाडून शिवलेलं पुस्तक पुरतं उघडत नाही आणि कुणी जोर लावून उघडलं की पान टाक्यापाशी तुटतं. मूळ मुखपृष्ठ, जाहिरातींची पानं, देणगीदाराचं हस्ताक्षर, जुने शिक्के काहीही फेकायचं नाही. पुस्तक कुठून कुठे फिरलं याचा तोच पुरावा असतो.

ओलं पुस्तक

ऑगस्ट २०१९ च्या पुरात बेळगाव, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांतल्या घराघरांत पाणी शिरलं. अशा वेळी पहिले ४८ तास महत्त्वाचे असतात, त्यानंतर बुरशी धरू लागते. चिंब पुस्तक जोर लावून उघडू नये. उभं ठेवून, पानं थोडी फाकवून पंख्याच्या हवेत वाळवावं, उन्हात नाही. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं मात्र वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात, म्हणून ओली असतानाच त्यांच्यामध्ये कोरे कागद घालावे लागतात. बुरशी आधीच दिसत असेल तर मास्क लावून ते पुस्तक पहिल्यांदा इतरांपासून वेगळं काढावं.

शिकायचं कुठे, सुरुवात कशी?

दिल्लीतल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रशिक्षण संस्थेत ग्रंथ आणि कागदपत्रांच्या जतनाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालतात. इन्टॅक या संस्थेची संवर्धन केंद्रंही आहेत. हस्तलिखितं, लेखकाची सही असलेल्या प्रती, बुरशी लागलेले किंवा सेलोटेपने भरलेले ग्रंथ अशा जाणकारांसाठीच ठेवावेत.

बाकीचा सराव वाचनालयातच होतो. आधी रद्दीतल्या पुस्तकांवर हात बसवायचा. एक टेबल, दोन ब्रश, काच, दोन-चार विटा कागदात गुंडाळून वजनासाठी आणि एक नोंदवही, एवढ्यावर काम सुरू होतं. नोंदवहीत दाखल क्रमांक, काय बिघडलं होतं, काय वापरलं आणि तारीख लिहावी. पुढचा ग्रंथपाल तेच पुस्तक हातात घेईल तेव्हा त्याला कशाने चिकटवलंय याचा अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

आणि निर्लेखनाची यादी समितीपुढे जाण्याआधी एक दिवस ती पुस्तकं या टेबलावर यावीत. त्यांतली काही एका पट्टीने आणि रात्रभराच्या वजनाने पुन्हा कपाटात जातील. बाकीच्यांची दुसरी प्रत कुठे आहे का, एवढं तरी रद्दीवाल्याला बोलावण्याआधी तपासून होईल.