काचेचे बळ आणि भोवतीचे द्रव

काचेचे बळ आणि भोवतीचे द्रव : काचेच्या बळाचा नुसता आकडा देऊन भागत नाही, ती कशात बुडाली आहे आणि किती वेळ ताण सोसते आहे, तेही सांगावे लागते. सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांचा जोर पाहता काचेने सुमारे 10,000 मेगापास्कल ताण पेलायला हवा, पण खिडकीची साधी काच बहुधा शंभराच्या आतच तुटते. ही तफावत ए. ए. ग्रिफिथ यांनी 1921 मध्ये सूक्ष्म चिरांच्या माथी मारली, कारण चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो. तथापि, चिरा कोरड्या काचेतही असतातच. पाण्यात तीच काच कमी भाराला का तुटते, याचे उत्तर त्या टोकाशी चालणाऱ्या रासायनिक विक्रियेत आहे. ताणलेल्या बंधात पाण्याचा रेणू शिरतो, बंध तुटतो आणि दोन्ही तोंडांना हायड्रॉक्सिल गट चिकटतात. मग पाळी पुढच्या बंधाची. म्हणूनच भार न वाढवताही काच तासा-दिवसांनी अचानक तडकते. वीडरहॉर्न यांनी 1967 मध्ये चिरेचा वेग मोजला, तेव्हा आर्द्रतेबरोबर तो वाढताना दिसला.

यावर आक्षेप येतो, की पाणी नसलेल्या तेलकट द्रवांतही चिरा सरकतात. खरे आहे, पण असे द्रव क्वचितच पूर्ण कोरडे असतात. पॅराफिनात पाणी नावापुरतेच विरघळते, तरी ते तेवढ्याने संपृक्त झाले की चिरेच्या दृष्टीने दमट हवेसारखेच वागते. निर्णायक ठरते ते पाण्याचे प्रमाण नव्हे, तर संपृक्ततेशी असलेले त्याचे गुणोत्तर. अर्थात, सारा दोष पाण्यावरही टाकता येत नाही : अमोनियाही बंध तोडतो, कारण त्याचा रेणूही इलेक्ट्रॉनांची जोडी देऊ शकतो आणि प्रोटॉनही. द्रव नायट्रोजनात काच कित्येक पट बळकट ठरते, ती केवळ थंडीमुळे, असेही म्हणता येईल. मात्र नेहमीच्या तापमानाला, नीट तापवून कोरड्या केलेल्या निर्वातातही बळ वाढते. थंडी ही विक्रिया आणखी थोपवते इतकेच. सर्वांत अवघड उदाहरण हायड्रोफ्लुओरिक आम्लाचे. ते काच खाते, तरी त्यातून काढून धुतलेली काच अधिक भार पेलते. आम्ल टोकापुरते न थांबता सगळा पृष्ठभाग झिजवते, चिरा उथळ आणि बोथट होतात. अशा काचेवर लगेच लेप दिला नाही, तर हाताळताना पडलेला एखादा ओरखडाही ते बळ घालवतो.