संगमाचे संगीत : मराठी नाट्यपद आणि प्रयोगशील रॉक

आपल्या तालुक्यात कायगावपाशी प्रवरा गोदावरीला मिळते. तेथे काठावर उभे राहून ओंजळभर पाणी घेतले, तर त्यात प्रवरेचे किती आणि गोदेचे किती, हे कोणालाही सांगता यावयाचे नाही. परंतु एक नदी त्र्यंबकेश्वरी उगम पावली, दुसरी रतनगडाच्या कुशीत, हे मात्र नकाशावर बोट ठेवून दाखविता येते. संगीताच्या इतिहासाचेही असेच आहे. कानाला लागते ते एक गाणे. पण त्याच्या मागे पाहू गेले की अनेक ओढे आणि अनेक उगम दिसू लागतात.

आज अशाच दोन संगमांचा नकाशा आपणापुढे मांडावयाचा आहे. पहिला आपल्या घरचा, मराठी नाट्यसंगीताचा. दुसरा दूरदेशीचा, इंग्लंडात १९६७च्या सुमारास उदयाला आलेल्या 'प्रोग्रेसिव्ह रॉक' संगीताचा. या नावाचे 'पुरोगामी रॉक' असे भाषांतर केले तर ते एखाद्या राजकीय पक्षाचे नाव वाटेल. म्हणून मी त्याला 'प्रयोगशील रॉक' म्हणतो. या दोहोंचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. आपल्या घरांत वडीलमंडळी मुलांच्या गाण्याला धांगडधिंगा म्हणतात, मुले वडिलांच्या गाण्याला रडगाणे म्हणतात. दोघांनाही वाटते की आपले संगीत शुद्ध आणि दुसऱ्याचे भेसळीचे. इतिहास या दोघांनाही खोटे पाडतो.

प्रथम घरच्याकडे पाहू. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्यात गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधाराने वाहावयाचा. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि पात्रे स्वतः गाऊ लागली. किर्लोस्करांनी चाली कोठून आणल्या? साकी, दिंडी, कामदा हे प्रकार कीर्तनकारांच्या आख्यानांतून आले. काही चाली लावणीच्या होत्या, काही कानडी मुलखातल्या, कारण किर्लोस्कर तिकडचेच. शिवाय गाणारी पात्रे रंगमंचावर आणण्याची कल्पना त्यांना पारशी मंडळींचा खेळ पाहून सुचली, असे सांगतात. कीर्तनाचा हा ओढा तर आपल्या परिसराच्या चांगल्या ओळखीचा आहे. पैठणास नाथांची भारुडे झाली. औरंगाबादेस अठराव्या शतकात अमृतरायांचे कटाव गाजले.

दुसरा मोठा ओढा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आणला. १८९६च्या 'वीरतनया'पासून त्यांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या चटकदार चाली मराठीत घेतल्या. अनेकांना ते रुचले नाही. पण तरुणांनी त्या चाली गुणगुणावयास सुरुवात केली होती. तिसरा ओढा १९११च्या 'मानापमाना'त मिळाला. खाडिलकरांच्या या नाटकाला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि त्यांतून उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचा नखरा रंगभूमीवर आला. १९१६च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदे बांधली. बुवा स्वतःच एक संगम होते. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही परंपरांची तालीम त्यांनी घेतलेली होती. पुढे वझेबुवांनी चाली दिल्या आणि मास्टर दीनानाथांनी त्या आपल्या तेजस्वी, झेपावणाऱ्या गळ्याने गायिल्या. तेव्हा या संगीताला आणखी एक निराळे वळण मिळाले.

आणि वाद्यांचे काय? ज्या पेटीवाचून नाट्यपद आपणांस सुने वाटते, ती पेटी आणि तिची थोरली बहीण पायपेटी, दोघीही मुळात पाश्चात्त्य देशांतून आलेल्या. तेव्हा 'अस्सल मराठी' म्हणून ज्याचा आपण अभिमान बाळगतो, त्या संगीतात कीर्तन आहे, लावणी आहे, कर्नाटक आहे, लखनौ-बनारस आहे, पारशी नाटक आहे आणि युरोपचे वाद्यही आहे. याने त्याचे मराठीपण उणे होत नाही. नदीने ओढे घेतले म्हणून ती नदी राहिली नाही, असे कोणी म्हणत नाही.

आता समुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेत १९५०च्या दशकात रॉक संगीत जन्मले तेच मिश्र कुळातून. काळ्या लोकांचे 'ब्लूज' आणि गोऱ्या खेडुतांची लोकगीते, ही त्याची आईबापे. विजेवर वाजणारी गिटार, ढोलांचा चार मात्रांचा ठेका आणि दोनतीन मिनिटांत संपणारे नाचाचे गाणे, एवढाच त्याचा संसार होता. १९६७ साली बीटल्स मंडळींनी 'सार्जंट पेपर' ही ध्वनिमुद्रिका काढली. तीत सुटी गाणी एका सूत्रात ओवल्यासारखी होती, वाद्यवृंद होता आणि एका गाण्यात सतार, दिलरुबा व तबलाही होता. त्यांच्यापैकी जॉर्ज हॅरिसन हा आदल्याच वर्षी रविशंकरांपाशी सतार शिकण्यासाठी मुंबईस येऊन राहिला होता. त्याच १९६७ साली मूडी ब्लूज या मंडळींनी पूर्ण वाद्यवृंदाच्या साथीने एक दिवसाची पहाट ते रात्र संगीतात गुंफली.

याला एक व्यावहारिक कारणही होते. आमच्या बालगंधर्वांचे पद रंगमंचावर पाऊण तास रंगले तरी तबकडीवर त्याला तीन-साडेतीन मिनिटांत बसावे लागे. १९४८ नंतर लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटांची जागा मिळाली. जागा मिळताच कल्पनेला पाय फुटले. पियानोची आणि चर्चमधील समूहगानाची तालीम लहानपणी झालेली काही मुले या नव्या रॉकमध्ये उतरली होती. त्यांना दोन मिनिटांचे नाचगाणे पुरेना.

मग शाखा फुटल्या. किंग क्रिमसन यांनी १९६९ साली मेलोट्रॉन नावाच्या वाद्याचा गंभीर घोष आणला. या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली व्हायोलिन, बासरी इत्यादींच्या स्वरांची फीत बसविलेली असते. ही झाली वाद्यवृंदी शाखा. एमर्सन, लेक आणि पामर यांनी १९७१ साली रशियन संगीतकार मुसॉर्स्कीची रचनाच उचलून विजेच्या वाद्यांवर वाजविली. येस या मंडळींचे १९७२चे 'क्लोज टु द एज' हे एकच गाणे तबकडीची एक बाजू व्यापते. जेथ्रो टल यांनी लोकगीत आणि बासरी जवळ केली. जेनेसिस यांनी नाट्य जवळ केले. त्यांचा गायक वेष पालटून पात्रे उभी करी. कँटरबरीच्या मंडळींनी जॅझचा हात धरला. पिंक फ्लॉइड यांनी ध्वनीचे अवकाश उभे केले. जर्मनीत हाच प्रवाह यांत्रिक आणि विद्युत् स्वरांकडे वळला, तर इटलीत तो ऑपेराच्या गोडव्यात भिजला. जॉन मॅक्लॉफ्लिन याने १९७१ साली 'महाविष्णू' नावाचा वाद्यवृंदच स्थापिला, आणि पुढे 'शक्ती' या मेळ्यात मुंबईचे झाकीर हुसेन त्याच्याबरोबर तबल्यास बसले.

येथे आपल्या रसिकांसाठी एक गंमत सांगतो. रॉकचा श्रोता चार मात्रांना सरावलेला. या मंडळींनी पाच आणि सात मात्रांचे ठेके आणले तेव्हा तो गोंधळून गेला. पिंक फ्लॉइड यांचे १९७३चे 'मनी' हे गाणे बहुतांशी सात मात्रांत चालते. रूपक तालावर डोलणाऱ्या आपल्या आजोबांना ते मुळीच अवघड गेले नसते.

दोन्ही नद्यांना मोठे पूर आले, आणि दोन्हींचे दुखणेही एकच निघाले. आमच्याकडे पदाला 'वन्स मोअर' मिळू लागले. एकेका पदाचा विस्तार होता होता रात्री सुरू झालेले नाटक पहाटे संपू लागले. पात्र रडत असो वा रागावलेले असो, गवयाच्या ताना थांबेनात. पद नाटकासाठी राहिले नाही. नाटक पदासाठी झाले. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे वळले. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले. त्यात पदे मोजकी होती, आणि केशवराव भोळ्यांनी त्यांना भावगीताच्या वळणाच्या, प्रसंगाला धरून राहणाऱ्या चाली दिल्या. तो एक प्रकारचा उपवासच होता. आजाऱ्याला तो आवश्यक होता.

तिकडे १९७३ साली येस यांनी चार बाजूंवर चारच गाणी असलेला एक दुहेरी संच काढला. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातील एका तळटीपेवरून त्याची कल्पना सुचलेली होती. तळटीपेवर ऐंशी मिनिटे! त्यांच्या पुष्कळ चाहत्यांनाही ते जड गेले. १९७६च्या सुमारास लंडनच्या बेकार, चिडलेल्या पोरांनी तीन सूर आणि दोन मिनिटे एवढ्या सामग्रीवर 'पंक' नावाचे बंड पुकारले. नाट्यमन्वंतराच्या सुसंस्कृत मंडळींना पंकच्या शेजारी बसविले, म्हणून कोणी रागावू नये. वृत्ती निराळ्या, पण तक्रार एकच होती : कौशल्य वाढले आणि सांगणे उरले नाही.

तथापि नद्या आटल्या नाहीत. १९६४ साली 'मत्स्यगंधा' आणि १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' या नाटकांत जितेंद्र अभिषेकींनी पदाला पुन्हा प्रसंगाच्या मापात बसविले. 'कट्यारी'त तर गायकी हाच नाटकाचा विषय असल्यामुळे तेथे तान शोभून दिसली. तिकडे १९८०च्या दशकात मॅरिलियन यांनी जुन्या शैलीला उजाळा दिला, आणि १९९०च्या दशकात ड्रीम थिएटर यांनी तिला 'मेटल' नावाच्या कडक रॉकची जोड दिली.

आणि मग, माझ्या मते ज्याची आपण पुरेशी दखल घेतलेली नाही, तो संगम झाला. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे याने भिकाऱ्यांचे एक संगीत नाटक लिहिले. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ साली, बर्लिनमध्ये बर्टोल्ट ब्रेख्ट आणि कुर्ट व्हाइल यांनी त्याचे नवे रूप केले. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९७८ साली, पु. ल. देशपांडे यांनी ते 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून मराठीत आणले आणि पुण्याच्या थिएटर अकादमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचे प्रयोग केले. संगीत तिघांचे होते : भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे. चंदावरकर रविशंकरांचे सतारीचे शिष्य. नंदू भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यवेड्या दांपत्याचे चिरंजीव. मुंबईच्या रॉक मेळ्यांतून गाणारे, आणि १९७४ साली अलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जूडासची भूमिका गाजविलेले. त्या एका नाटकात नाट्यपद, लावणी आणि रॉक एकाच रंगमंचावर नांदले. ते शोभले, कारण ज्या पात्राला जे गाणे हवे तेच त्याच्या तोंडी होते. त्यात मिरवण्यासाठी उसने घेतलेले काही नव्हते.

माझ्या समजुतीप्रमाणे या नकाशाचे सार एवढेच आहे. संगीत भेसळीने बिघडत नाही; ते हेतू हरवल्याने बिघडते. किर्लोस्करांनी कानडी चाल घेतली ती शकुंतलेचे मन सांगण्यासाठी. पुढच्या गवयाने तान घेतली ती टाळीसाठी. पहिली टिकली, दुसरीने प्रेक्षक घालविला. रॉकमध्येही तेच झाले. तेव्हा एखादे नवे गाणे कानी पडले की ते कोणत्या देशाचे, कोणत्या जातीचे, असे प्रथम विचारू नये. त्याला काही सांगावयाचे आहे काय, हे विचारावे. सांगावयाचे असेल, तर त्याला आपल्या पात्रात जागा द्यावी.

घरी गेल्यावर एक प्रयोग करून पाहा. मुलाला सात मात्रांचे ते विलायती गाणे लावावयास सांगा आणि मांडीवर रूपकाचा ठेका धरा. मग त्याला 'स्वयंवरा'तील एखादे पद ऐकवा. दोघांची मने जुळतीलच, अशी हमी मी देत नाही. पण कायगावच्या घाटावर कोणते पाणी कोणाचे, असा तंटा करीत आजवर कोणी बसलेले नाही. तहानलेला मनुष्य ओंजळ भरतो आणि पितो.