हसणारा बाव आणि घरचा बाव

पोराने फारच छळलं की मराठी आई वैतागून म्हणते, "याच्यापेक्षा पोटी धोंडा आला असता तर बरं!" हाँगकाँगची आई धोंड्याचं नाव घेत नाही. ती म्हणते, तुला जन्माला घालण्यापेक्षा चा सिउचा तुकडा जन्माला घातला असता तर बरं झालं असतं. निदान भातावर ठेवून खाता तरी आला असता. रागाच्या बोलण्यातही ज्या पदार्थाचा मान सुटत नाही, तो कँटनी माणसाच्या किती जवळचा असेल, हे वेगळं सांगायला नको.

'चा' म्हणजे काटा आणि 'सिउ' म्हणजे भाजणं. डुकराच्या खांद्याच्या मांसाच्या लांब पट्ट्या सोया सॉस, साखर, पंचमसाला आणि लाल रंगाचं आंबवलेलं टोफू यांत मुरवायच्या, आकड्यांना अडकवून उभ्या भट्टीत लोंबत्या ठेवायच्या आणि बाहेर काढल्यावर त्यांना माल्टोजचा किंवा मधाचा दाट पाक चोपडायचा. कडा जरा करपतात, आतला भाग रसदार राहतो. या मांसाचे बारीक तुकडे करून गोडसर, दाट रश्श्यात घोळवायचे आणि पांढऱ्याशुभ्र मैद्याच्या पारीत भरून वाफवायचे. हा झाला चा सिउ बाव. मलेशियात आणि सिंगापुरात त्यालाच 'पाउ' म्हणतात. आपला पाव पोर्तुगिजांकडून आला, त्यांचा पाउ चिनी बोलीतून. कानाला सारखे लागले तरी या दोन शब्दांचं नातं नाही.

हा पदार्थ दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांताची ओळख मानला जातो, आणि गंमत अशी की तो प्रांत भात खाणाऱ्यांचा आहे. गहू चीनमध्ये पश्चिम आशियाकडून आला आणि बराच काळ उत्तरेतच रमला. दगडी जात्याचा वापर हान राजवटीच्या काळात वाढला, तेव्हा कुठे गव्हाचं पीठ हाती येऊ लागलं. बाजरीसारखी तृणधान्यं वाफवायची भांडी तिथे हजारो वर्षं वापरात होती. त्यामुळे भिजवलेल्या पिठाचा गोळा भट्टीत जाण्याऐवजी वाफेवर चढला. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस शू शी नावाच्या विद्वानाने पिठाच्या पदार्थांवर एक दीर्घ रचना केली. तीत 'मांतोउ'चा उल्लेख आहे आणि वसंताच्या सुरुवातीच्या मेजवानीत तो वाढावा, असं सांगितलं आहे. त्या काळी मांतोउच्या पोटात सारण असायचं. आज मात्र उत्तर चीनमध्ये मांतोउ म्हणजे बिनसारणाचा वाफवलेला गोळा आणि सारण भरलेला तो बावझ.

मांतोउची जन्मकथा लोक चुग लिआंग या सेनापतीशी जोडतात. इ. स. २२५ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर असताना नदी पार करण्यासाठी माणसांच्या मुंडक्यांचा बळी द्यावा लागेल, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने मांस भरलेले पिठाचे गोळे मुंडक्यांच्या आकारात घडवून नदीला वाहिले, अशी ती कथा. कथा मोठी गोड आहे, पण ती लिहून ठेवणारा ग्रंथ सोंग राजवटीतला, म्हणजे घटनेनंतर आठशेहून अधिक वर्षांनी झालेला. शू शीची साक्ष त्या मानाने फार जवळची, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवावी.

'बावझ' हा शब्द सोंग काळात रुळलेला दिसतो. मंग युआनलाव याने ११४७ मध्ये कायफंग या राजधानीच्या आठवणी लिहून पुऱ्या केल्या. त्यांत रस्त्यांवरच्या, पुलांजवळच्या खाण्याच्या दुकानांची नावं आहेत, आणि बावझसाठी गाजलेलं एक दुकानही आहे. ते लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे ते शहर नव्हतं. ११२७ मध्ये जुरचेन सैन्याने कायफंग जिंकलं होतं आणि दरबारासकट लाखो माणसं दक्षिणेत पळाली होती. भाताच्या मुलखात येऊन पडलेल्या या उत्तरेकडच्या माणसांना गहू हवाच होता. त्यांच्यामुळे दक्षिणेत गव्हाचा भाव चढला आणि तिथले शेतकरी गहू पेरू लागले, अशी नोंद त्याच काळातली आहे. गाव सुटलं तरी जिभेची सवय सुटत नाही, आणि बावच्या पुढच्या सगळ्या प्रवासात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडत गेली आहे.

आता ग्वांगडोंगमधलं ग्वांगझौ, म्हणजे जुनं कँटन. १७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपीय व्यापाऱ्यांना समुद्रमार्गे चीनशी व्यापार करायला हे एकच बंदर मोकळं होतं. मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू घेऊन निघणारी गलबतं याच बंदराकडे जात. जमशेटजी जीजीभाईंनी १७९९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, चीनची पहिली सफर केली. मुंबईत त्यांच्या नावाने उभ्या असलेल्या रुग्णालयामागे आणि कलाशाळेमागे त्याच व्यापाराचा पैसा आहे. ते सोनं होतं, तसं त्यावर अफूचं सावटही होतं.

बावला मात्र बंदरावरच्या हमालांनी आणि नावाड्यांनी मोठं केलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कँटनमध्ये साध्या बाकड्या-टेबलांची चहाची दुकानं निघाली. चहाला दोन 'ली' पडत, म्हणून त्यांना 'दोन लीचं घर' म्हणत. चहाबरोबर पोटाला आधार होईल असा मोठा बाव मिळे. पुढे दुमजली-तिमजली चहाघरं आली. १८८० मध्ये सुरू झालेलं ताव ताव च्वी हे त्यांतलं नावाजलेलं घर. 'एक वाटी, दोन नग' हा तिथल्या सकाळचा हिशेब: झाकणाच्या वाटीतला चहा आणि सोबत दोन खाद्यपदार्थ. बावला सोबतीही चांगले मिळाले. कोळंबीचं हार गाव, मांसाचं सिउ माय, अंड्याचं टार्ट आणि चा सिउ बाव या चौघांना पुढे लोक चार स्वर्गीय राजे म्हणू लागले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहाघरांत गिऱ्हाइकासाठी अटीतटीची स्पर्धा लागली. तोटा सोसून भलामोठा बाव स्वस्तात विकायचा आणि माणसं ओढायची, अशी युक्ती निघाली. तिच्यावरून कँटनी बोलीत 'मोठा बाव विकणं' असा वाक्प्रचारच पडला. फायदा बाजूला ठेवून सढळ हाताने देणं, हा त्याचा अर्थ.

चहाघरातल्या चांगल्या चा सिउ बावची लक्षणं आचारी तोंडपाठ सांगतात. अंग उंच हवं, पोट मोठं, तळ आवळलेला, आणि तोंड फुटलेलं पण इतकंच की सारण जेमतेम डोकावावं. या आकाराला ते 'पक्ष्याचा पिंजरा' म्हणतात. जुन्या चहाघरांत म्हातारी माणसं आपला गाणारा पक्षी पिंजऱ्यासकट घेऊन येत, पिंजरा वर टांगत आणि खाली चहा पीत बसत. वर बांबूचा पिंजरा, टेबलावर मैद्याचा. असं नाव बंद खोलीत बसून सुचत नाही.

तोंड फुटलेल्या बावला 'हसणारा' म्हणतात. हे हसू आणणं फार कष्टाचं काम. त्यासाठी आदल्या पिठाचं विरजण राखावं लागतं. ते ताज्या मैद्यात मुरलं की आंबटपणा येतो. तो मारायला क्षाराचं पाणी घालतात. ते आपल्या पापडखाराच्या जातीचं. क्षार कमी पडला तर बाव आंबट आणि राखाडी होतो, जास्त झाला तर पिवळा पडतो आणि कडवट लागतो. विरजण रोज वेगळं वागतं, हवा बदलली की आणखी वेगळं. म्हणून आचारी कणकेचा वास घेतो, ती ताणून पाहतो, चिमूटभर वाफवून बघतो. मैदा मुद्दाम कमी चिकाचा घेतात, साखर त्याच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याइतकी, शिवाय बेकिंग पावडर आणि बिस्किटांच्या भट्टीतही चालणारं अमोनियम बायकार्बोनेट. कडक वाफ लागताच वायू एकदम सुटतो, दुबळी पारी त्याला आवरू शकत नाही आणि जिथे चुण्या एकत्र आणलेल्या असतात तिथेच ती फाटते. मोदकाच्या कळ्या जिथे मिटवतो, त्याच जागी हा बाव उमलतो.

सारणातही एक कसब आहे. रस दाट असूनही बाव गरम असताना तो ओघळला पाहिजे. त्यासाठी ऑइस्टर सॉस, सोया सॉस, साखर आणि पाणी पिठाने घट्ट करतात आणि थंड करून जवळजवळ वडीसारखं आळू देतात. मग ते पारीत बसतं आणि वाफेवर पुन्हा वितळतं. ऑइस्टर सॉस १८८८ मध्ये ग्वांगडोंगच्या किनाऱ्यावर ली कम शंग यांच्याकडून कालवं विस्तवावर विसरल्यामुळे झाला, असं त्यांनी स्थापलेली ली कम की ही कंपनी सांगते.

इतका खटाटोप आणि कोपऱ्यावर चहाघर असताना कँटनमध्ये वा हाँगकाँगमध्ये हा बाव घरी कोण करणार? भाजलेलं मांसही तिथे कोणी घरी करत नसे, ते दुकानातूनच यायचं. शिवाय घरात जागाही नव्हती. १९४५ मध्ये सुमारे सहा लाख वस्ती उरलेल्या हाँगकाँगमध्ये पाच वर्षांत वीस लाखांहून अधिक माणसं झाली. २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री शेक किप मे इथल्या झोपड्यांना आग लागून पन्नास हजारांवर लोक उघड्यावर पडले. त्यानंतर सरकारने बांधलेल्या इमारतींत कुटुंबाला एक खोली मिळे आणि चूल बाहेरच्या सामाईक व्हरांड्यात असे. तिथे भट्टी कुठली? बाव हे चहाघराचं खाणं राहिलं, त्याला हेही कारण आहे.

घरचा बाव खऱ्या अर्थाने रुजला तो चहाघरापासून दूर गेलेल्यांच्या घरांत.

एकोणिसाव्या शतकात ग्वांगडोंगची माणसं खाणींवर, रेल्वेवर, उसाच्या मळ्यांवर पांगली. हवाईत हा बाव 'मानापुआ' झाला. हवाई भाषेत त्याचा मूळ अर्थ डुकराच्या मांसाचा चवदार खाऊ. खांद्यावर दांडी आणि तिच्या दोन टोकांना पत्र्याचे डबे अशी फेरी करणारे चिनी विक्रेते तिथे घरोघरी ओळखीचे होते. मनिलात तो 'सिओपाव' झाला, आणि त्यातल्या गोडसर मांसाच्या सारणाला स्पॅनिश 'असादो' हे नाव लागलं. असादो म्हणजेही भाजलेलं. अमेरिकेत १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद झालं ते १९४३ पर्यंत. बायकामुलं गावी आणि पुरुष इकडे, अशी ती आयुष्यं. त्यांतले फार जण सी यप, म्हणजे ग्वांगडोंगमधल्या चार तालुक्यांचे. त्याच चार तालुक्यांच्या नावाचं सी यप कून हे देऊळ मुंबईत माझगावला नवाब टँक रोडवर १९१९ मध्ये उभं राहिलं. गोदीशी संबंधित चिनी वस्ती तिथे होती. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर ती झपाट्याने विरळ झाली. देऊळ आहे, उदबत्त्या लागतात. कोलकात्यात तिरेट्टा बाजारात पहाटे वाफवलेले बाव विकायला येतात, पण तिथेही विक्रेत्यांची संख्या वर्षागणिक घटते आहे. वसती उठली की तिच्या हातची चवही उठते, आणि याची हळहळ वाटायलाच हवी.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात स्थिरावलेल्या कुटुंबांच्या घरी ओव्हन होता, आणि त्याने सगळं बदललं. वरच्या जाळीला वाकवलेले आकडे लावून मांसाच्या पट्ट्या लोंबत्या ठेवायच्या, खाली पाण्याची परात ठेवायची, म्हणजे गळणारी चरबी जळून धूर होत नाही. दुकानातली उभी भट्टी अशी घरात आली. विरजण राखण्याचं ओझं कोरड्या यीस्टने उतरवलं. ती दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी तयार झाली होती. ज्यांना तेवढाही वेळ नव्हता त्यांनी डब्यात मिळणारी अमेरिकन 'बिस्किटां'ची तयार कणीक लाटून त्यात सारण भरलं. १९६९ मध्ये तैवानच्या फू पेइमे यांचं चिनी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतलं पाककृतींचं पुस्तक निघालं. आईची भाषा वाचता न येणाऱ्या मुलींच्याही ते हाती पडलं.

या घरच्या बावला बहुधा हसू नसतं. यीस्टची कणीक चिवट, साखर बेताची, वाफ मवाळ. पट्टीचे खवय्ये त्याला उणा मानतात. पण ते बरोबर नाही. फुटलेलं तोंड हे चहाघराच्या रसायनाचं देणं आहे. आणि त्या चहाघरांतही आता कित्येक ठिकाणी बाव कारखान्यातून गोठवलेलाच येतो. गुळगुळीत, मिटलेला, पोटात सारण असलेला गोळा त्याहून पुष्कळ जुना. शू शीने वसंतातल्या मेजवानीसाठी सांगितला तो याच्याच घराण्यातला असणार.

व्हँकुव्हरमध्ये किंवा सिडनीत शनिवारी दुपारी ओट्यावर कागदाचे चौकोनी तुकडे कापलेले असतात. एक जण पारी लाटतो, कडा पातळ आणि मध्य जाड ठेवतो. दुसरा सारण भरून चुण्या घालतो. एकेक बाव आपापल्या कागदावर बसतो. झाकणाला फडकं बांधलेलं असतं, म्हणजे वाफेचे थेंब पडून वरचा पापुद्रा डागाळत नाही. बारा-एक मिनिटांनी आच बंद करतात, झाकण मात्र लगेच काढत नाहीत, नाहीतर बाव बसतात. तोवर मुलं ओट्याभोवती उभी असतात. मग पहिला बाव या हातातून त्या हातात नाचवत कोणीतरी तळाचा ओला कागद सोलतं आणि मधोमध फोडून धाकट्याला अर्धा देतं.